पोर्क शोल्डर स्मोक करताना फॉइलमध्ये गुंडाळायचा की उघडाच ठेवायचा?

आधी उत्तर सांगते, मग कारणं. पोर्क शोल्डर (डुकराचा खांदा) धुरावर मंद शिजवायचा असेल आणि हातात वेळ असेल तर गुंडाळू नका. वेळ कमी असेल, किंवा बाहेरचा रंग हवा तेवढा गडद होऊन गेला असेल, तर गुंडाळा आणि मग अर्धवट नको, जाड फॉइलमध्ये दोन थर देऊन घट्ट गुंडाळा. मांस कोरडं पडेल या भीतीने मात्र गुंडाळायची काही गरज नाही, आणि बहुतेक लोक नेमकं त्याच भीतीने गुंडाळतात म्हणून एवढं सविस्तर लिहायला घेतलंय.

हा प्रश्न पडतो पण एका ठराविक वेळीच. सकाळी लवकर उठून स्मोकर (धुरावर मंद आचेत मांस शिजवायची झाकणाची भट्टी) पेटवलेला असतो, पहिले चार-पाच तास थर्मामीटरचा आकडा मस्त चढत जातो, १६० फॅरनहाइटच्या आसपास (७१ सेल्सिअस) येतो आणि तिथेच बसतो. एक तास जातो, दोन जातात, कधीकधी तर आकडा एक-दोन अंश खाली सुद्धा येतो, संध्याकाळी लोक जेवायला यायचे असतात आणि मग वाटायला लागतं की विस्तव कमी पडतोय का, थर्मामीटर बिघडलाय का. काही बिघडलेलं नसतं. याला इथे अमेरिकेत सगळे स्टॉल म्हणतात, साधारण १५० ते १७० फॅरनहाइटच्या मध्ये कुठेतरी येतो आणि मोठ्या तुकड्याला सहज चार-पाच तास खाऊ शकतो.

बरीच वर्षं लोकांची समजूत होती की आतलं कोलॅजेन (स्नायूंना बांधून ठेवणारा चिवट भाग) आणि चरबी वितळताना उष्णता शोषून घेते म्हणून आकडा थांबतो. ग्रेग ब्लाँडर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हे तपासून बघितलं. त्याने पाण्यात भिजवलेला स्पंज आणि बीफच्या चरबीचा गोळा तापवत ठेवला, तर चरबीचा आकडा न थांबता चढत गेला आणि स्पंजचा मात्र मांसासारखाच मधे अडकला. स्पंजात कोलॅजेन कुठून येणार, तिथे होतं फक्त पाणी. म्हणजे उन्हाळ्यात माठ जसा बाहेरून झिरपून आतलं पाणी गार ठेवतो तेच इथे चाललेलं असतं, आतला ओलावा पृष्ठभागावर येतो, गरम हवेत त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना उष्णता घेऊन जाते. आणि वाफेला उष्णता लागते तरी किती, एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला जेवढी लागते तेवढ्यात पाचशेहून जास्त ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापतं. त्यामुळे स्मोकर २२५ फॅरनहाइटवर असला तरी मांस तासन् तास जागचं हलत नाही. बाहेरचा थर पुरेसा वाळला, वाफ होणं कमी झालं, की आकडा आपोआप परत चढायला लागतो, तुम्ही काही करा किंवा करू नका.

आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की स्टॉल चालू असतो त्याच वेळात बार्क बनत असतो. बार्क म्हणजे बाहेरचा तो काळपट तपकिरी, चिवट-खरपूस थर, त्यात रबमधलं (मांसाला चोळायचा कोरडा मसाला) मीठ, मिरी, मिरची असते, धूर असतो, वर आलेली चरबी असते आणि वाळलेल्या मांसाची भाजलेली चव असते. तो बनायला पृष्ठभाग कोरडा व्हावा लागतो. तुम्ही फॉइल लावली की आत वाफ कोंडली, वाफ कोंडली की स्टॉल संपला आणि त्याच क्षणी बार्कची वाढ पण संपली. उलट जेवढा झालाय तेवढाही भिजून मऊ पडायला लागतो.

आणि शोल्डरच्या बाबतीत बार्क ही काही नुसती वरची सजावट नाहीये. चार किलोचा तुकडा असेल तर रब आणि धूर पोचतो तो फक्त बाहेरच्या थरात, आत मीठ थोडंफार शिरतं, बाकी मसाला काही शिरत नाही. आतलं मांस चवीला साधंच असतं. शेवटी आपण सगळं पिंजून एकत्र कालवतो तेव्हा त्या बार्कचे तुकडे सगळीकडे जातात आणि त्यातूनच अख्ख्या भांड्याला चव येते. स्लाइस करून खायच्या मांसात प्रत्येक कापाला थोडी कडा मिळते, इथे कडाच सगळ्यांना वाटून द्यायची असते, त्यामुळे ती जेवढी जोरदार तेवढं चांगलं. माझा न गुंडाळण्याचा आग्रह आहे तो याच्यासाठी.

कोरडं पडण्याची भीती कुठून आली

गुंडाळायची सवय मुळात आली ब्रिस्केटवरून (बीफचा छातीचा मोठा तुकडा). टेक्सासमध्ये बीफ ब्रिस्केट फॉइलमध्ये गुंडाळायला टेक्सास क्रच म्हणतात, आणि पुढे ऑस्टिनच्या फ्रँकलिन बार्बेक्यूमुळे (२००९ मध्ये ट्रेलरवर सुरू झालेलं, आता जगभर नाव आहे) बुचर पेपरमध्ये (खाटकाकडचा जाडसर कागद) गुंडाळायची पद्धत घरोघरी पोचली. ब्रिस्केटच्या फ्लॅट म्हणजे सपाट, पातळ भागात आत चरबी फारशी नसते, तो खरंच कोरडा पडू शकतो, त्याला ते सगळं शोभतं. पण डुकराचा खांदा वेगळा. त्यात स्नायूंच्या मधेमधे चरबीचे पदर असतात आणि कोलॅजेन भरपूर, ते १६० च्या पुढे हळूहळू आणि १८० च्या वर भराभर जिलेटिन व्हायला लागतं. पुल्ड पोर्क (शिजवून पिंजलेलं हेच मांस) तोंडात जे रसाळ लागतं ते पाण्यामुळे कमी आणि या वितळलेल्या चरबी-जिलेटिनमुळे जास्त. आणि दुसरं असं बघा, गुंडाळलेला तुकडा उघडला की फॉइलमध्ये वाटीभर-दोन वाट्या रस साचलेला असतो, तो बघून लोक म्हणतात बघा किती रस राहिला, पण तो रस मांसातूनच बाहेर आलेला असतो ना. मांस आकसतं तेव्हा पाणी बाहेर पडणारच, गुंडाळा किंवा नका गुंडाळू. फरक एवढाच की उघड्यावर ते उडून जातं आणि फॉइलमध्ये खाली साचतं. हे साचणं उपयोगाचं आहे हे मी नाकारत नाही, त्यावर पुढे येतेच.

शोल्डरचं खरं माहेर म्हणाल तर नॉर्थ कॅरोलायना. राज्याच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर भाजतात, पण पश्चिमेकडे पीडमाँट भागात, लेक्सिंग्टन गावाच्या आजूबाजूला, फक्त खांदा. तिथली लेक्सिंग्टन बार्बेक्यू ही जागा १९६२ पासून चालू आहे, आणि गावात दर ऑक्टोबरमध्ये बार्बेक्यूचा मोठा उत्सव भरतो तो १९८४ पासून. तिथली पारंपरिक पद्धत म्हणजे हिकरीची लाकडं वेगळी जाळायची, निखारे झाले की ते फावड्याने विटांच्या पिटमध्ये (भट्टीत) खांद्यांखाली पसरायचे, आणि आठ-दहा तास तसंच उघड्यावर. फॉइलचा काही संबंध नाही. आणि तिथे ऑर्डर देताना लोक मुद्दाम आउटसाइड ब्राऊन मागतात, म्हणजे बाहेरचा तो भाजलेला भाग जास्त घाला, आतलं कमी चालेल. ज्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या हाच कट भाजलाय ते बाहेरचा थर मागून घेतात, त्यावरून त्याची किंमत कळते. त्याच राज्यात राली-कॅरीच्या बाजूला आपली मराठी मंडळी खूप आहेत, गाडीने दीड-दोन तासांवर आहे, पोर्क खात असाल तर एकदा जाऊन चॉप्ड पोर्क आणि रेड स्लॉ (केचप-व्हिनेगर घातलेली कोबीची कोशिंबीर) खाऊन या, मग घरी आपल्याला काय जमवायचंय ते जिभेला माहीत असेल.

स्पर्धांचं जग मात्र वेगळं आहे. मेम्फिसला १९७८ पासून मोठी स्पर्धा होते आणि तिथे शोल्डरचा वेगळा विभागच आहे. स्पर्धेत उतरणारे बरेच जण गुंडाळतात, कारण त्यांना ठरलेल्या मिनिटाला डबा जजपुढे ठेवायचा असतो, रंग एकसारखा लालसर महोगनी हवा असतो आणि एका घासात मत पडणार असतं. व्हिडिओत आपण बहुतेक वेळा त्यांचीच पद्धत बघतो आणि घरी तशीच्या तशी करायला जातो. घरी आपल्याला जज नाहीयेत, आपल्याला वीस लोकांना पोटभर जेवायला घालायचंय.

गुंडाळायच्या आधीचं काम

कट घेताना बोन-इन बोस्टन बट घ्या, तो खांद्याचा वरचा भाग, तीन ते साडेचार किलोचा मिळतो, आत फावड्यासारखं सपाट हाड असतं. पिकनिक म्हणून मिळतो तो खालचा, पायाकडचा भाग, त्याला कातडी असते आणि चरबी जरा कमी, स्वस्त असतो, चालतो, पण कातडी काढून टाका कारण तिच्यातून ना रब जात ना धूर. बटवरची चरबीची जाड साय सुद्धा पाव इंचापर्यंत तासून घ्या. बऱ्याच जणांना वाटतं ती वितळून मांसात मुरते, तसं होत नाही, ती बाहेरच वाहून जाते आणि तिच्यावर बसलेला रब शेवटी तिच्यासकट फेकला जातो. तेवढी जागा मोकळी केली की तेवढा बार्क वाढला.

मीठ आदल्या रात्रीच लावा, मांसाच्या वजनाच्या दीड टक्का पुरे (तीन किलोला ४५ ग्रॅम), आणि फ्रिजमध्ये उघडंच ठेवा म्हणजे वरून कोरडं पण होईल. बाकीचा रब सकाळी. मिरी, पाप्रिका, थोडी ब्राऊन शुगर, लसूण पावडर, संपलं. पाप्रिकाच्या जागी मी काश्मिरी मिरची वापरते, रंग सुंदर येतो आणि तिखट फार होत नाही. साखर बेताने, कारण साखर जास्त घातली की रंग खूप लवकर काळा पडतो आणि मग इच्छा नसताना गुंडाळायची वेळ येते.

स्मोकर २५० फॅरनहाइटला (१२० सेल्सिअस) लावा. २२५ चा आकडा सगळीकडे लिहिलेला असतो, पण त्यावर साडेतीन किलोचा बट न गुंडाळता बारा ते सोळा तास घेऊ शकतो, २५० वर दहा-बारा तासांत होतो आणि २७५ वर (१३५ सेल्सिअस) आठ-दहा तासांत. हे अंदाज आहेत, दोन एकसारखे दिसणारे बट पण वेगवेगळ्या वेळी होतात, वारा, थंडी, चरबी, सगळ्याने फरक पडतो. पण शोल्डर २७५ सुद्धा आरामात सहन करतो हे लक्षात ठेवा, कारण स्टॉल लांबला तर फॉइल शोधायच्या आधी हा पहिला उपाय आहे, स्मोकर २५ अंशांनी वाढवा. हवा जास्त गरम असली की वाफेने होणारं गार होणं तिला पुरं पडत नाही, आणि बार्क पण वाचतो.

लाकूड हिकरी, ओक, सफरचंद, चेरी, पेकन, काहीही चालेल. पहिले तीन-चार तास धूर स्वच्छ हवा, पातळ निळसर, जवळजवळ न दिसणारा. दाट पांढरा धूर मांसाला कडवट करतो आणि तो कडवटपणा नंतर कशानेच जात नाही. कापल्यावर दिसणारी ती गुलाबी कडा पण याच सुरुवातीच्या तासांत बनते, धुरातले वायू मांसाच्या रंगद्रव्याला चिकटतात आणि मांस थंड-कच्चं असतानाच ते होतं, त्यामुळे गुंडाळल्याने गुलाबी कडा जाते ही भीती ठेवू नका, गुंडाळायच्या वेळेपर्यंत ती बनून झालेली असते.

दर अर्ध्या तासाने सफरचंदाचा रस फवारत बसू नका. जितकं ओलं कराल तितका स्टॉल लांबेल. कडा फारच वाळल्यासारख्या दिसल्या तर एखाद-दोनदा फवारा, बस. आणि झाकण उघडून बघायचा मोह आवरा.

निर्णय घ्यायची वेळ

पाच-सहा तासांनी, आकडा १६५ च्या आसपास आला की झाकण उघडा आणि आकड्यापेक्षा मांसाकडे नीट बघा. नखाने किंवा चमच्याच्या टोकाने वरचा थर हलकेच खरवडा. रब बोटाला लागून आला, खाली ओलसर फिकट मांस दिसलं, तर अजून वेळ आहे, झाकण लावा, आकडा काहीही म्हणू दे. थर घट्ट बसलाय, खरवडून निघत नाही, रंग जुन्या सागवानासारखा गडद झालाय, चरबीला मधेमधे भेगा पडल्यात, म्हणजे बार्क झालाय. १६५ ला गुंडाळा असं जे सगळीकडे सांगतात ते याचसाठी चुकतं, कोणाच्या स्मोकरमध्ये १६५ ला बार्क तयार असतो, कोणाचा १७५ पर्यंत होत नाही, विशेषतः पाण्याचं भांडं ठेवलेलं असेल किंवा पेलेट ग्रिल (लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी) असेल तर हमखास उशीर होतो. कच्च्या बार्कवर फॉइल लावली की रबचा चिखल होतो आणि तो फॉइललाच चिकटून राहतो.

बार्क झालाय असं दिसलं की मग घड्याळ बघा. जेवायला चार तासांपेक्षा जास्त वेळ असेल तर तसंच सोडा. तेवढा नसेल तर गुंडाळा. रंग आत्ताच इतका काळा झालाय की अजून चार तास दिले तर कडू लागेल, तर वेळ असला तरी गुंडाळा. पाऊस-वारा असेल, कोळसा किंवा पेलेट संपत आले असतील, तरी गुंडाळा. घरात म्हातारी माणसं किंवा अगदी लहान मुलं खाणार असतील आणि त्यांना चिवट तुकडे चावत नसतील, ते पण पूर्ण योग्य कारण आहे, त्यात काही कमीपणा नाही.

छोट्या तुकड्यांचं सांगून टाकते. दीड-दोन किलोचा तुकडा असेल तर गुंडाळायच्या भानगडीत पडूच नका, त्याचा स्टॉल छोटा असतो आणि बार्क जमायलाच वेळ कमी मिळतो, त्यातून फॉइल लावली तर हाती फक्त उकडलेलं मांस लागतं. पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात राहून कोणी केटल ग्रिलवर (झाकणाची गोल कोळशाची शेगडी) करणार असेल तर त्यांच्यासाठी हे जास्त लागू, कारण तिकडे साधारण लहान तुकडेच मिळतात. दुकानदाराला खांद्याचा, हाडासकट, न चिरता द्या म्हणून आधी सांगून ठेवा, नाहीतर तो करीच्या फोडी करून देतो. आणि कोळसे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, झाकणाचं भोक मांसाच्या वर येईल असं ठेवा.

गुंडाळायचंच ठरलं तर

बुचर पेपर, फॉइल, की फॉइलची होडी? ब्रिस्केटला मी पेपर म्हणेन. शोल्डरला नाही. पेपर थोडी वाफ बाहेर सोडतो म्हणून बार्क फॉइलपेक्षा जरा बरा राहतो हे खरं, पण वेळ फॉइलएवढा वाचत नाही, आणि मुख्य म्हणजे पेपर रस आणि चरबी पिऊन घेतो. पुल्ड पोर्कमध्ये तो रस परत घालायचा असतो, तोच पेपरात गेला तर गुंडाळून मिळवलं काय? म्हणून वेळ वाचवायचा तर सरळ फॉइल, बार्क वाचवायचा तर सरळ उघडं.

फॉइल जाडवाली घ्या, रुंद, आणि दोन थर, कारण हाडाचं टोक एका थराला भोक पाडतंच. चकचकीत बाजू आत की बाहेर याने काही फरक पडत नाही. तळाला दोन-तीन चमचे सफरचंदाचं व्हिनेगर किंवा ज्यूस पुरे, वाटीभर ओतलं की मांस उकडतं. अंगाला घट्ट लपेटा, हवेची पोकळी राहू देऊ नका, पोकळीत वाफ जास्त साचते. प्रोब (थर्मामीटरची सुई) वरच्या बाजूने खुपसा, बाजूने खुपसला तर त्या भोकातून सगळा रस गळून स्मोकरच्या तळाला जाईल. हे झेपत नसेल तर ॲल्युमिनियमच्या खोल ट्रेमध्ये ठेवून वरून फॉइल घट्ट बसवा, गुंडाळण्याइतकं झटपट होत नाही पण रस हमखास सांभाळला जातो आणि उचलायला सोपं.

होडी म्हणजे खालून आणि बाजूंनी फॉइलची कड करायची आणि वरचा भाग उघडा ठेवायचा. खाली रस साचतो, वर बार्क वाळत राहतो. वेळ फारसा वाचत नाही, पण खालची बाजू जास्त भाजली जात असेल तर हा चांगला मधला मार्ग आहे.

आणि एक गोष्ट, पूर्ण फॉइल लावल्यावर आत धूर जात नाही. म्हणजे त्यानंतर तुम्ही लाकूड जाळताय ते फुकट. शिकागो-मिनेसोटाकडच्या थंडीत तर सरळ घरात आणा आणि ओव्हनला २७५ ते ३०० वर लावा, मांसाला काही फरक कळत नाही. गुंडाळल्यावर साडेतीन किलोचा बट साधारण दोन ते चार तासांत होतो. शेवटी १९५ च्या आसपास फॉइल उघडून परत स्मोकरवर अर्धा तास उघडा ठेवला तर मऊ पडलेला बार्क थोडा आवळतो, पहिल्यासारखा होत नाही पण सुधारतो. रस आधी भांड्यात ओतून घ्यायला विसरू नका.

झालंय कसं ओळखायचं

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये पोर्कच्या अख्ख्या कटसाठी सुरक्षित आकडा १४५ फॅरनहाइट (६३ सेल्सिअस) आणि वर तीन मिनिटं विसावा असा केला, पण शोल्डर १४५ ला खाल्लात तर सुरक्षित असला तरी चामड्यासारखा चिवट लागेल, कोलॅजेन अजून जसंच्या तसं असतं. पुल्ड पोर्कला १९५ ते २०५ लागतात (९० ते ९६ सेल्सिअस). त्यातही १९५ नंतर आकड्यापेक्षा हात महत्त्वाचा, प्रोब तीन-चार ठिकाणी घालून बघा, मऊ लोण्यात गेल्यासारखा गेला पाहिजे, आणि हाड धरून हलवलं की ते सैल होऊन स्वच्छ सुटून यायला हवं. एका ठिकाणी अडकतोय म्हणजे अजून अर्धा तास. न गुंडाळलेल्यात हा शेवटचा टप्पा हळू जातो त्यामुळे मऊ होऊन जास्त मऊ व्हायच्या मधे बराच वेळ मिळतो, फॉइलमध्ये मात्र १९८ वरून २०८ वर पटकन जातं आणि मांसाचा लगदा होतो, तेव्हा शेवटच्या तासात लक्ष ठेवा.

झाल्यावर लगेच बांधून ठेवू नका. दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवून वाफ जाऊ द्या, नाहीतर आतली उष्णता शिजवतच राहते. मग फॉइलमध्ये (न गुंडाळता केलेला असला तरी आता गुंडाळायचाच), वर दोन जुने टॉवेल, आणि रिकाम्या कोरड्या कूलरमध्ये झाकण लावून. तीन-चार तास आरामात १४० च्या (६० सेल्सिअस) वर राहतो. त्याच्या खाली गेला तर तसाच ठेवू नका, तो आकडा सुरक्षिततेचा आहे. किंवा ओव्हन सगळ्यात कमी, १७० वर. या ठेवण्यामध्येच वेळेचं गणित आहे, सहाच्या जेवणासाठी मांस दुपारी दोन-तीनला तयार होईल असं धरून पहाटे लावा, स्टॉल लांबला तर हे मधले तीन तास वापरले जातात, लवकर झालं तर कूलरमध्ये बसतं, आणि मग गुंडाळायची वेळच येत नाही. बार्क कूलरमध्ये थोडा मऊ होतो, होऊ द्या, म्हणूनच तो आधी जरा जास्तच कडक करून घ्यायचा.

पिंजायचं जेवायच्या अगदी आधी, पहिल्यापासून पिंजून ठेवलं तर निवतं आणि वाळतं. हाताला रबरी मोजे घालून लांब जाडसर तुकडे करा, अगदी बारीक सुतं नकोत. चरबीचे न वितळलेले गोळे काढून टाका. बार्क वेगळा काढून सुरीने छोटा चिरा आणि सगळीकडे कालवा. फॉइलमधला रस असेल तर वरची चरबी काढून थोडा थोडा परत घाला, चाखत चाखत, कारण तो खारट असतो. रस नसेल तर पूर्व कॅरोलायनाचं साधं सॉस करा, सफरचंदाचं व्हिनेगर, चिली फ्लेक्स, मिरी, मीठ, चिमूटभर साखर, शिजवायचं नाही, आदल्या दिवशी बाटलीत घालून ठेवायचं. विंदालू खाल्लेल्या माणसाला व्हिनेगर, मिरची आणि डुकराचं मांस ही जोडी समजावून सांगावी लागत नाही. गोड घट्ट सॉस आधीच ओतू नका, दहा तास धूर दिलेला सगळा झाकून जातो, ज्याला हवं तो पानात घेईल.

मोजायला सोपं म्हणून, हाडासकटच्या कच्च्या वजनाच्या साधारण निम्मं ते साठ टक्के मांस शिजून हातात येतं, माणशी दीडशे ग्रॅम धरलंत तर चार किलोचा बट चौदा-पंधरा जणांना होतो, पाव असतील तर सोळा. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, रसासकट, पसरट डब्यात. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्ह नको, तव्यावर थोडं पाणी किंवा तेच व्हिनेगर सॉस शिंपडून झाकण ठेवा, गरम झालं की झाकण काढून दोन मिनिटं मोठ्या आचेवर, कडा परत खरपूस होतात.